फडताळातला छज्जा

१

छज्जा पडला भरदुपारी, रोह्याजवळच्या धाटावला, आणि त्याची धूळ खाली बसायच्या आत पेणच्या ऑफिसात फोन वाजला.

"म्याडम, साईराज बोलतोय. कँटीनचा छज्जा आला खाली." साइटचा सुपरवायझर साईराज एरवी तोंडात बडीशेप घोळवत बोलायचा. आज त्याच्या तोंडाला कोरड पडली होती. "टेकू काढले नि आला. सखा गवंडी खाली होता. जीव हाय, पण पायाचा चुरा झालाय. पोलिसांनी नकाशा मागितला, मी दिला. त्यावर तुमचं नाव हाय, म्याडम."

प्रणिताने फोन ठेवला. शिफ्टच्या कामगारांसाठी बांधलेलं कँटीन, त्याचा नकाशा, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत 'रेखाटन: प्रणिता'. ते नाव पहिल्यांदा छापून आलं तेव्हा तिने आईला कागद घरी नेऊन दाखवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जितेशला सोबत घेऊन रोह्याच्या पोलीस ठाण्यात गेली. जितेश म्हणजे ऑफिसातला जुना ड्राफ्ट्समन. ठाण्यातल्या साहेबांनी तिच्यासमोर कागद पसरला आणि ती त्यावर वाकली. छज्जा म्हणजे भिंतीतून पुढे काढलेला हात. हातावर वजन आलं की ओढ वरच्या अंगाला बसते, म्हणून जाड सळया वरच ठेवायच्या. हे ती झोपेतही चुकली नसती. पण त्या कागदावर सळया खाली होत्या.

"जबाब घेऊ एक-दोन दिवसांत," साहेब म्हणाले. "तोवर कुठे बाहेरगावी जाऊ नका."

दुपारी पेणला परतल्या परतल्या तिने स्वतःची फाइल उघडली. पडद्यावर सळया वर होत्या, जिथे असायला हव्यात तिथेच. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. संगणक म्हणत होता तू बरोबर आहेस, कागद म्हणत होता तू चुकलीस, आणि पोलीस मानणार होते कागदाला.

फाइल बंद करायला तिने न बघता उजवीकडे हात टाकला. हात रिकाम्या टेबलावर पडला. माउस कीबोर्डच्या डाव्या बाजूला होता.

असं याआधीही एकदा झालं होतं, काही महिन्यांपूर्वी. निडीला बहिणीकडे राहून ती थेट कामावर आली होती, त्या सकाळी. तेव्हा तिने झाडूवाल्या कृष्णाबाईला बोल लावला होता. आज तिने नुसतं विचारलं.

"तुझ्या त्या उंदराला मी कधीच हात लावत नाय गो," कृष्णाबाई म्हणाली. "टेबलावर फडका मारते, तो पण लांबून."

म्हणजे आपल्या खुर्चीत कोणीतरी येऊन बसलं होतं. प्रणिता उभी राहिली आणि नंतर बराच वेळ तिला त्या खुर्चीत बसवेना.

२

हैबतराव शेडगे आणि मंडळी, असा ऑफिसचा बोर्ड. खाली गणपतीचा कारखाना, वर हे. मंडळी म्हणजे पेणला जितेश आणि प्रणिता, आणि रोह्याच्या शाखेत एकटी समीक्षा. रोह्याला मोठा प्लॉटर होता, त्यामुळे छपाई तिथेच व्हायची.

हैबतरावांनी उभं आयुष्य फळ्यावर कागद ताणून नकाशे काढले. संगणक आला तेव्हा त्यांनी त्याला नमस्कार केला तो दुरूनच. साधी मेल बघायची तरी 'प्रणिता' अशी हाक यायची. बारावीनंतर घरी बसलेल्या प्रणिताला त्यांनीच बोलावून घेतलं होतं, रेघ कशी मारायची इथपासून शिकवलं होतं. ती त्यांना सर म्हणायची आणि मनात वडिलांच्या जागी मानायची.

माणूस दिलदार, पण सॉफ्टवेअरचं नाव काढलं की मूठ आवळलेली. दोन गावच्या दोन ऑफिसांत मिळून लायसन्स एकच. पेणला कोणी काम उघडलं की रोह्याच्या पडद्यावर 'वापरात आहे' अशी पाटी यायची. मग समीक्षाचा फोन, "सोड गो." इकडून "थांब गो." दिवसभर हीच फुगडी. खातंही सगळ्यांचं एकच होतं, त्यामुळे काम कोणीही केलं तरी संगणक नाव लावायचा 'पेण'.

आणि एक फडताळ होतं. दारं, खिडक्या, जिने, छज्जे असे हरघडी लागणारे तुकडे एका सामायिक फोल्डरात ठेवलेले, त्याला सगळे फडताळ म्हणत. तुकडा नकाशात उतरवून घ्यायचा नाही, फक्त जोडायचा. फडताळात एक रेघ हलवली की तो तुकडा जोडलेल्या प्रत्येक नकाशात ती हलते. सोय मोठी, आणि धोकाही तेवढाच.

फडताळ सांभाळायचा जितेश. त्याचा एक कडक नियम होता. फाइल बंद करण्याआधी ती अख्खी पडद्यावर आणायची, एकदा नजर फिरवायची, मगच जतन करायची. फाइल जशी सोडाल तशीच ती पुढच्याला उघडते. जो विसरेल त्याने सगळ्यांना कांदाभजी द्यायची. समीक्षाने पहिल्याच महिन्यात इतकी भजी खाऊ घातली की नंतर तिची बोटं आपोआप वळू लागली.

फडताळातल्या प्रत्येक तुकड्यापाशी त्याने एक बाई काढून ठेवली होती, लहान मुलाचा हात धरून उभी असलेली. उंचीचा अंदाज यावा म्हणून. तिला ते पुतळीबाई म्हणत. ती अशा थरावर काढलेली होती की छापताना गायब व्हायची, म्हणून कागदावर ती कोणी कधी पाहिली नाही.

अशा या ऑफिसात, छज्जा पडल्याच्या तिसऱ्या दिवशी, नूतन म्हात्रे आल्या. अलिबागच्या स्ट्रक्चरल इंजिनियर, केस पिकलेले, आवाज मोठा. कँटीन बांधणाऱ्या संस्थेने त्यांना कारण शोधायला नेमलं होतं. पेणला उतरल्याबरोबर त्यांनी पोह्याचे पापड घेतले होते आणि ते कच्चेच मोडून खात होत्या.

"घाबरू नकोस गो," त्या प्रणिताला म्हणाल्या. "पण खोटं पण बोलू नकोस. दोन्हीत सळई वाकते."

३

नूतनताईंनी समीक्षा आणि साईराज दोघांना पेणलाच बोलावून घेतलं. सगळे एका खोलीत बसले आणि प्रणिताला प्रत्येकाची भीती वाटू लागली. काल डब्यातली भाजी वाटून खाल्लेली माणसं, पण यातलंच कोणीतरी तिच्या खुर्चीत बसलं होतं.

पहिला साईराज. "मला त्यातलं काय कळत नाय. समीक्षा म्याडम कागद देतात, मी साइटवर नेतो. सळई बांधणारे बाहेरचे, नवीन. कागदात पट्टी खाली, सळई खाली, तसं बांधलं त्यांनी."

"पट्टी खाली म्हणजे?" नूतनताईंनी विचारलं.

"छज्ज्याच्या कडेची पट्टी हो. खाली लोंबती. तिच्यावर नावाचा बोर्ड लावायचा होता."

"माझ्या फाइलीत पट्टी वर आहे," प्रणिता म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला.

चौकशी केली तेव्हा गंमत कळली, आणि ती गंमत कोणालाच हसवणारी नव्हती. पट्टी खाली घ्या असा निरोप संस्थेकडून आला होता, तो चहाच्या वेळी सगळ्यांसमोर वाचून झाला होता. ती कोणी घ्यायची हे मात्र ठरलं नव्हतं. प्रणिताला वाटलं जितेश करेल, जितेशला वाटलं समीक्षा करेल, आणि छापताना पट्टी खाली दिसली तेव्हा समीक्षाला वाटलं प्रणिताने केली.

"आणि सळया बघितल्या नाहीस?" नूतनताईंनी विचारलं.

समीक्षाने मान खाली घातली. "पट्टी बघितली. जे बदलायला सांगितलं होतं तेवढंच बघितलं."

मग नूतनताईंनी एक विचित्र काम सांगितलं. तिघांनी आळीपाळीने संगणकावर बसायचं, एक साधं दार काढायचं आणि फाइल बंद करायची. जितेशने कीबोर्डवर दोन अक्षरं बडवली, समीक्षाने माउसचं चाक दोनदा दाबलं, प्रणितानेही तेच. तिघांच्याही पडद्यावर बंद होण्याआधी अख्खी फाइल येऊन गेली. नूतनताईंनी पापडाचा तुकडा मोडला.

हैबतराव कोपऱ्यात आपल्या जुन्या फळ्याशी बसले होते. डाव्या हातात चहाचा कप. त्यांना काय विचारणार, असा सगळ्यांचा सूर होता, तरी नूतनताई त्यांच्यापाशी गेल्या.

"तुमच्या काळी बरं होतं ना, सर? ज्याचा कागद त्याचा हात."

"तर काय," हैबतराव म्हणाले. त्यांना बोलायला विषय मिळाला. "एक कागद दुसऱ्या कागदाच्या भानगडीत पडत नसे." त्यांनी एक जुना ट्रेसिंग पेपर ओढला. "हे बघा. रस्त्याच्या या अंगाला एक घर काढलं. समोरच्या अंगाला त्याच्याच भावाचं. कागद पालथा केला की दुसरा नकाशा फुकट." त्यांनी तो उजेडासमोर धरून पालथा करून दाखवला आणि क्षणभर पूर्वीसारखे हसले.

आपल्या फडताळावरचा हा टोमणा जितेशला सहन झाला नाही. "तुम्ही सगळे माझ्याकडे का बघताय ते कळतंय मला. फडताळ माझं, म्हणून चोर मीच. अहो, निडीच्या अंगणवाडीचा नकाशा मी कँटीनचा छापला त्याच सकाळी रोह्याला छापला. फडताळातला हाच छज्जा जोडलेला. तो पडला काय? नाय ना? मग फडताळाचं नाव कशाला काढता?"

हैबतरावांनी कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता.

"माझी प्रेशरची गोळी घरी राहिली," ते म्हणाले. "येतो मी." आणि छत्री न घेता जिना उतरून गेले. बाहेर पावसाचा टिपूस नव्हता, पण छत्री ते कधी विसरत नसत.

४

"आता ते फडताळ उघड," नूतनताई म्हणाल्या.

जितेशने छज्ज्याचा तुकडा उघडला आणि त्याचा चेहरा पडला. पडदाभर नुसती कडेची पट्टी होती, खिडकीला नाक लावून बघावं एवढी जवळ. बाकी छज्जा कुठे दिसतच नव्हता.

"हे नेहमी असंच उघडतं?"

"नाय. कोणीतरी इथेच बघत बघत बंद केलंय. अख्खं न बघता." तो सवयीने पुढे म्हणाला, "भजी लागू झाली." कोणी हसलं नाही.

त्याने अख्खा तुकडा पडद्यावर आणला. वर छज्जा, खाली पुतळीबाई आपल्या मुलाचा हात धरून. सळया वर, पट्टी वर, सगळं जागच्या जागी. नूतनताई मात्र पडद्याच्या अगदी जवळ गेल्या.

"भिंतीच्या खुणेपासून हा खाली का सरकलाय?"

प्रणितानेही पाहिलं. छज्जा भिंतीला जिथे भिडायचा त्याच्या किंचित खाली बसला होता. जितेश असा तुकडा कधीच ठेवणार नाही.

"पालथा केलाय कोणीतरी," नूतनताई सावकाश म्हणाल्या. "पट्टी खाली हवी होती ना? मग नुसती पट्टी हलवायची सोडून अख्खा छज्जाच आडव्या रेघेवर उलटा केला. पट्टी आली खाली, आणि तिच्याबरोबर सळयाही. तुमचं सॉफ्टवेअर अक्षरं उलटी करत नाही, म्हणून वाचणाऱ्याला शंका आली नाही. छज्जा पडल्यावर त्याच माणसाने घाईघाईने पुन्हा उताणा केला. पण उलटवायची रेघ नेमकी तिथेच धरता आली नाही, म्हणून जागेवर बसला नाही."

प्रणिताच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण चुकलो नव्हतो. रात्रभर उशीत तोंड खुपसून ती हेच पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि तिचा स्वतःवरच विश्वास बसत नव्हता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. निडीहून मनस्वी, तिची थोरली बहीण. अंगणवाडीची सेविका.

"पणू, येतेस ना गो? विसरलीस ना? आज उद्घाटन हाय. पोरं नटून बसलीत." मागे लाउडस्पीकर कर्कश वाजत होता. "ते दारातले टेकू तेवढे फोटोत घाण दिसतात, काढायला सांगितलेत गावच्या गड्यांना. आणि काय गो, तुमच्या ऑफिसाने ती खाली लोंबती पट्टी मस्त दिलीय. तोरण बांधायला बरी झाली."

"ताय," प्रणिता म्हणाली. "ताय, टेकू—"

"काय? ऐकू नाय येत. ये लवकर." फोन बंद झाला.

निडीच्या छज्ज्याला पट्टी खाली घ्या असं कोणीच सांगितलं नव्हतं. फडताळ पालथं होतं तेव्हाच जितेशने तो नकाशा, आपलाच म्हणून पुन्हा न तपासता, छापला होता. खाली लोंबणाऱ्या त्या पट्टीच्या वर, काँक्रीटच्या पोटात, सळया चुकीच्या बाजूला होत्या. धाटावचा छज्जा टेकू निघाल्याबरोबर पडला होता. निडीचे टेकू आता निघणार होते आणि खाली पोरं नटून बसली होती.

५

नूतनताईंच्या गाडीने वडखळ सोडलं तरी मनस्वी फोन उचलत नव्हती. रिंग वाजायची आणि बंद व्हायची. जितेश ऑफिसातून सरपंचांना लावत होता, ते उद्घाटनाच्या पाहुण्यांना घ्यायला गेले होते. खणून ठेवलेल्या रस्त्यावर गाडी आदळत होती आणि प्रत्येक आदळण्याला प्रणिताला वाटायचं, आत्ता पडला.

तिच्या डोळ्यांसमोर अंगणवाडीतली पोरं येत होती. एकीला मनस्वीने कडेवर घेतलेलं ती मागच्या खेपेला पाहून आली होती.

"लाव, लावत राहा," नूतनताई म्हणाल्या. "आणि माझ्याशी बोल, नायतर वेडी होशील. पहिल्यांदा माउस डावीकडे दिसला ती सकाळ आठव. तू कुठे होतीस?"

"बसमध्ये. निडीहून येत होते. नागोठण्याच्या आसपास समीक्षाचा फोन आला. म्हणाली सोड गो, पेणने धरून ठेवलंय. मी म्हटलं मी बसमध्ये आहे. तिला खोटं वाटलं, आम्ही भांडलो."

"जितेश?"

"रोह्याला. प्लॉटर बिघडला होता, तो नीट करायला गेला होता. नंतर तो आणि समीक्षा शेजारी शेजारी बसून लायसन्स सुटायची वाट बघत होते. सुटल्याबरोबर दोन्ही नकाशे छापले, धाटावचा आणि निडीचा."

"साईराज?"

"त्याला फाइल कशी उघडायची तेही येत नाही."

"म्हणजे लायसन्स होतं पेणला आणि तुम्ही तिघंही पेणला नव्हता. आणि काल सकाळी, दुसऱ्यांदा?"

"मी आणि जितेश पोलीस ठाण्यात होतो. समीक्षा रोह्याला." प्रणिता बोलता बोलता थांबली. "पेणला कोणीच नव्हतं, ताई. सर असतात, पण ते संगणकाला..."

"तुमच्यातल्या तिघांची बोटं अख्खी फाइल बघितल्याशिवाय बंद करत नाहीत, ते मी बघितलं. हे काम भजीचा नियम न शिकलेल्याचं. ज्याच्या काळी एक कागद दुसऱ्याच्या भानगडीत पडत नव्हता, त्याचं. हवं ते मिळवायला कागद पालथा करतो, त्याचं." नूतनताईंनी खड्डा चुकवला. "चहाचा कप कुठल्या हातात होता गो?"

प्रणिताला तो कप दिसला. डाव्या हातातला. त्याच डाव्या हाताने त्यांनी तिचा हात धरून पहिली सरळ रेघ मारायला शिकवली होती. ती रडू लागली, आवाज न करता, आणि रडता रडताही फोन लावत राहिली.

"ते गोळी घ्यायला गेलेत," ती म्हणाली. तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता.

"कुठल्या वाक्यावर उठले ते आठव. निडीच्या." नूतनताईंनी वेग वाढवला. "निडीचं नाव ऐकून माणूस पळाला हे खरं. पण निडीपासून पळाला की निडीकडे पळाला, ते आता कळेल."

६

अंगणवाडीपाशी गर्दी होती. लाउडस्पीकर बंद झालेला, आणि तो बंद आहे हेच प्रणिताला सगळ्यात भयंकर वाटलं. ती गाडी थांबायच्या आत उतरली.

छज्जा उभा होता. खाली दोन टेकू काढून आडवे टाकलेले, बाकीचे जागेवर. आणि त्यातल्या मधल्या टेकूला दोन्ही हातांनी मिठी मारून हैबतराव शेडगे बसले होते. शर्ट घामाने चिंब, एक चप्पल कुठेतरी पडलेली. काळुराम नावाचा धिप्पाड गडी त्यांना बखोटीला धरून उठवत होता.

"म्हातारा टेकू काढू देत नाय," काळुराम सगळ्यांना सांगत होता. "आल्या आल्या आमच्या गड्यांच्या अंगावर धावला. येडा झालाय काय?"

"पोरं कुठायत?" प्रणिताने विचारलं.

"त्याने वरडून मागच्या दारानं बाहेर काढायला लावली," मनस्वी म्हणाली. ती रागाने लाल झाली होती. "आंब्याखाली बसवलीत सगळी. खाऊ पण वाटायचा राहिला. कोण गो हा?"

नूतनताई शिडी लावून वर चढल्या. छज्जा भिंतीला मिळतो तिथे वरच्या अंगाला त्यांनी बोट फिरवलं. केसाएवढी तड होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या खाली आल्या तेव्हा पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झाला होता.

"एकही टेकू हलवायचा नाही. काढलेले दोन मी सांगेन तसे परत लावा. आणि या दारातून आता कोणी जायचं नाही."

काळुरामने हैबतरावांचं बखोट सोडलं.

प्रणिता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. छज्ज्याखाली पाऊल टाकायची तिला भीती वाटत होती, तरी गेली.

"गपचूप शिकत होतो," हैबतराव म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही. "सकाळी तुम्ही यायच्या आधी. साधी मेल बघायला तुला हाक मारायची, लाज वाटायची. वाटलं, एक पट्टी तर खाली घ्यायची आहे. कागद पालथा करावा तसा केला. मला वाटलं, तो धाटावचाच छज्जा आहे. सगळ्यांचा एकच असतो हे मला ठाऊक नव्हतं."

"आणि पडल्यावर?"

"पडल्यावर सरळ केला."

"आणि कागदावर माझं नाव होतं."

त्यांनी टेकूवरची मिठी आणखी घट्ट केली.

"मी ठाण्यात बसले होते, सर. त्याच वेळी तुम्ही माझ्या खुर्चीत बसून ते पुसत होतात. मला वाटलं मला वेड लागलंय. मला वाटलं सखाचा पाय मी घालवला."

"तोंड उघडलं नाही माझ्याच्यानं," हैबतराव म्हणाले. "दोन्ही दिवस वाटलं, उद्या सांगू. जितेशने निडीचं नाव घेतलं तेव्हा कळलं, उद्या नाही." त्यांनी अजूनही टेकू सोडला नव्हता. "पोरं बाहेर आहेत ना गो सगळी? मोजलीस?"

मनस्वी मागे जाऊन मोजून आली. सगळी होती. तेव्हा त्यांनी हात सोडले.

७

पोलिसांकडे जाण्याआधी नूतनताईंना एकदा सगळं डोळ्यांनी बघायचं होतं. संध्याकाळी सगळे पेणला परत आले. हैबतराव प्रणिताच्या खुर्चीत बसले, आणि तिच्यादेखत त्यांनी माउस उचलून डावीकडे ठेवला. भीती निघून गेली होती आणि तिच्या जागी काय आलंय ते तिला अजून कळत नव्हतं.

त्यांनी फडताळातला छज्जा उघडला. पट्टीजवळ गेले, इतके जवळ की पडद्यावर दुसरं काही उरलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून, डोळे बारीक करून त्यांनी कुठे निवडलं आणि कसं उलटवलं ते दाखवलं. बोटं चुकत होती. एकेक गोष्ट ते शाळकरी मुलासारखी पुटपुटत करत होते. मग ते सगळं त्यांनी पूर्ववत केलं.

"असं," ते म्हणाले. "आणि मग बंद केलं."

त्यांचा हात बंद करायच्या खुणेकडे वळला. प्रणिताने तो धरला. ज्या हाताने तिला रेघ शिकवली होती, तोच हात.

"आधी अख्खं बघायचं असतं, सर," ती म्हणाली. "मग बंद करायचं."

तिने त्यांचं बोट माउसच्या चाकावर ठेवून दोनदा दाबलं.

पट्टी एकदम लहान झाली आणि कडेला गेली. मागून छज्जा आला, भिंत आली, जमीन आली. आणि छज्ज्याखाली, मुलाचा हात धरून उभी असलेली बाई.

हैबतरावांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून तिच्याकडे पाहिलं.

"ही कोण?" त्यांनी विचारलं. "ही कधीपासून इथे आहे?"

"पहिल्यापासून," जितेश म्हणाला. "कागदावर छापत नाय ती."

हैबतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग उठले, खुंटीवरची छत्री घेतली, आणि ठाण्यात सोबत येतेस का असं प्रणिताला विचारलं. मग तिने माउस उजवीकडे ठेवला, फाइल बंद केली आणि त्यांच्या मागोमाग जिना उतरली.